सिस्टरांचा रविवार

सिस्टर गाणं उभ्यानं ऐकायच्या. खोलीत दोन खुर्च्या होत्या, दिवाण होता, खाली सतरंजी होती. पण रेकॉर्ड लागली की त्या खोलीच्या मधोमध जाऊन उभ्या राहायच्या. एक हात कमरेवर, मान किंचित कललेली, नजर जमिनीवर. राउंडच्या वेळी खाटेशी उभी असलेली नर्स दिसते, अगदी तशा. अर्धं मिनिट जायचं. मग त्या पुढं व्हायच्या, करंगळीनं सुईची दांडी अलगद उचलायच्या आणि डावीकडचा स्पीकर दोन बोटं मागं सरकवायच्या. पुन्हा सुई, पुन्हा अर्धं मिनिट. त्यांच्या घरी मी चार वर्षं भाड्यानं राहिले, पण त्यांनी रेकॉर्डची एक बाजू सलग ऐकलेली मला आठवत नाही.

"बाई अजून मधी येईना," त्या म्हणायच्या.

बाई म्हणजे रेकॉर्डवर गाणारी बाई. दोन स्पीकर असतात. सिस्टर त्यांना पेट्या म्हणत. त्या पेट्या नीट जागी बसल्या की आवाज डावीकडूनही येत नाही आणि उजवीकडूनही येत नाही. मधल्या मोकळ्या जागेत कुणी उभं राहून गातंय असं वाटतं, त्या माणसाचा चेहरा कुठल्या उंचीवर आहे तेही कळतं. हे सगळं सिस्टरांनीच मला समजावून सांगितलं होतं. त्यांच्या खोलीत मात्र बाई कायम डाव्या भिंतीला सरकून गायची, असं त्यांचं म्हणणं. मला तसं काही जाणवत नसे. मला गाणं गोड वाटायचं आणि तेवढं पुरायचं.

"तुला न्हाई कळायचं," त्या म्हणायच्या. "तू नुसतं गाणं ऐकून राहिलीस."

मी मूळची लातूरची. उमरीच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा नांदेडला खोली घ्यायची आणि सकाळच्या गाडीनं जा-ये करायची असं ठरवलं. खोली शोधताना घरमालकांनी नाना प्रश्न विचारले. एकटीच राहणार का, घरचे येणार का, लग्नाचं कुठवर आलंय. सिस्टरांनी एकच विचारलं.

"चालताना टाचा आपटतीस का?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी मला वरच्या रिकाम्या खोलीत पाठवलं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला सांगितलं. मी अनवाणी चालत राहिले. खाली त्या सुई टेकवून ऐकत होत्या. बऱ्याच वेळानं जिन्यातून त्यांचा आवाज आला.

"राहा. पण रविवारी सकाळी मिक्सर न्हाई, खलबत्ता न्हाई."

सिस्टर जळकोटकडच्या शेतकरी घरातल्या. नर्सिंगचं शिक्षण घेतलं, सुरुवातीची वर्षं किनवटच्या आतल्या गावांत काढली, मग नांदेडच्या दवाखान्यात वॉर्डा-वॉर्डांतून फिरल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. गल्लीत त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. त्यांनी दिलेलं इंजेक्शन कळत नाही, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्तीनंतर माणसं घर वाढवतात, देवदर्शनाला जातात. सिस्टर हैदराबादला एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांची देखभाल करायला चार महिने जाऊन राहिल्या. त्या गृहस्थांकडे रेकॉर्डी होत्या. रोज सकाळी अंग पुसून झालं, चादर बदलली की ते एक रेकॉर्ड लावायला सांगायचे.

"पहिल्या दिवशी मी रेकॉर्ड लावली आन् मागं वळले," सिस्टर सांगायच्या, "तर बाई तिथं उभी. मी पदर सावरला, पोरी. खरंच सावरला."

ते गृहस्थ गेले. त्यांच्या मुलांना त्या सामानात काही रस नव्हता. सिस्टरांनी आपल्या फंडातून ते विकत घेतलं आणि टेम्पोत पुढं बसून नांदेडला आणलं. जड थाळीचं टर्नटेबल, उघड्या काचेच्या दिव्यांचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, पाच खोकी रेकॉर्डी. पेट्या मात्र त्यांनी मागाहून बनवून घेतल्या, छातीएवढ्या उंच. बहिणीनं फंडाचं काय केलं ते बघायला भाऊ जळकोटहून आला. ॲम्प्लिफायरवरचे तापलेले दिवे त्यानं चहुबाजूंनी न्याहाळले.

"अक्का, ह्यात पाणी तापतं का?"

"डोकं तापतं," सिस्टर म्हणाल्या.

ते खरंच होतं. हैदराबादच्या त्या खोलीत उभी राहिलेली बाई नांदेडच्या खोलीत सरळ उभी राहीना, आणि तिथून सिस्टरांचं स्वास्थ्य गेलं. जमीन कलती आहे असं वाटून त्यांनी गवंड्याकडून पाणसळ आणली. टर्नटेबलखाली शहाबादी फरशी घातली आणि फरशीखाली सलाइनच्या बाटल्यांची रबरी बुचं लावली. भिंतींवर गोधड्या टांगल्या. त्या गोधड्या त्यांच्याच ड्यूटीच्या पांढऱ्या साड्यांच्या शिवलेल्या होत्या, त्यामुळं खोली एखाद्या वॉर्डासारखी दिसायची. मागच्या अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून वेगळं अर्थिंग केलं आणि रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेलं त्या खड्ड्यात ओतायच्या. पेट्यांच्या जागा त्या जमिनीवर दवाखान्यातल्या चिकटपट्टीनं आखून ठेवत. नवी जागा, नवी पट्टी. मी राहायला गेले तेव्हाच जमीन अशी झाली होती की बाहेरून आलेल्या माणसाला वाटावं, इथं लहान मुलांचा काही खेळ चालतो.

रविवारची सकाळ त्यांची ठरलेली. विजेचा दाब तेव्हा सरळ असतो, आजूबाजूला धावपळ नसते. पण शेजारच्या घरात एक कंत्राटदार राहायचे आणि त्यांची पाण्याची मोटार नेमकी त्याच वेळी सुरू व्हायची. सिस्टर त्यांच्या दारात गेल्या.

"तासभर उशिरा लावा की मोटार."

"सिस्टर, पाणी चार दिवसांनी येऊन राहिलं. तुमच्या गाण्यापायी टाकी रिकामी ठेवू?"

सिस्टर परत आल्या, ब्लडप्रेशरचं यंत्र घेतलं आणि पुन्हा गेल्या. कंत्राटदारांना बसवून दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा बघून त्यांनाच घाम फुटला. त्या रविवारपासून सिस्टर आधी त्यांचं प्रेशर बघायच्या आणि मोटार दहानंतर लागायची.

या सगळ्यात मास्तर कुठं होते, असं आता मी स्वतःला विचारते. मास्तर म्हणजे सिस्टरांचे यजमान. किनवटकडच्या शाळांतून नोकरी केलेले, सडपातळ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्या दोघांची गाठ तिकडंच पडली होती. एकमेकांना ते सिस्टर आणि मास्तर असंच म्हणत. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ते बदललं नव्हतं. मास्तरांना गाण्याचं वेड नव्हतं. त्यांच्याकडं एक जुना मोबाइल होता, त्यावर ते सकाळ-संध्याकाळ बातम्या ऐकत. त्या मोबाइलचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा आणि सिस्टर कानावर हात ठेवायच्या.

रविवारी सकाळी सिस्टर विचारायच्या, "मास्तर, आज घसा कसा हाय?"

ही विचारपूस नव्हती. मास्तरांना घसा खाकरायची सवय होती आणि एका खाकरण्यानं सिस्टरांचं अर्धं मिनिट वाया जायचं. मास्तर हसायचे. पेपरची घडी काखेत मारायचे, चपला हातात घेऊन फाटकापर्यंत जायचे आणि तिथं पायात घालायचे. "चाललो, चाललो. होऊ द्या तुमचं." मला ते बघताना गंमत वाटायची. घरी लातूरला फोन केला की मी आईला हे रंगवून सांगायची.

माझ्या चौथ्या वर्षीची दिवाळी झाली आणि शाळा उघडल्यावरच्या पहिल्याच रविवारी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागं मास्तर बसले होते. पेपर मांडीखाली, टॉवेलचा बोळा तोंडावर धरलेला, आणि ते वाकून खोकत होते. आवाज बाहेर पडू नये म्हणून सगळं अंग आवळून धरलेलं. थांबल्यावर त्यांनी वर बघितलं.

"मास्तर, तुम्ही तर चौकात गेला होतात."

"गेलो होतो. तिथं बसवेना." मग एकदम काळजीनं, "मॅडम, जिना चढताना माझा आवाज झाला का?"

"नाही झाला. खोकला कधीपासून आहे?"

"आहे थोडा. धुळीचा असेल."

"मग सिस्टरांना सांगा ना. त्या घरातच आहेत."

"तेच तर," मास्तर म्हणाले. "सांगितलं की ती सगळं टाकून माझ्यामागं लागेल. तिनं जन्मभर लोकांच्या छात्या ऐकल्या, मॅडम. आमच्या लेकीचे वाढदिवससुद्धा तिला वॉर्डात कळायचे. आता कुठं स्वतःसाठी काही ऐकतेय. उन्हाळा लागला की जाईल हे. तुम्ही बोलू नका."

मी बोलणार नाही म्हणाले. ते इतक्या सहज तोंडून गेलं की आपण काही कबूल करतोय असंही मला वाटलं नाही.

त्यानंतर मास्तर रविवारी माझ्या खोलीत येऊ लागले. गच्चीवर वारा लागतो म्हणून मीच या म्हटलं होतं. मी आलं घालून चहा करायची. ते खिडकीशी बसायचे, खोकला आला की उशीत तोंड खुपसायचे. खालून सिस्टरांचं गाणं यायचं, अर्ध्या अर्ध्या मिनिटाचं, तुटकं. ते थांबलं की मास्तर म्हणायचे, "सरकवली बघा पेटी." पुन्हा सुरू झालं की मान डोलवायचे. त्यांना त्या बाईत रस नव्हता. खाली सिस्टर कशात तरी गुंतल्या आहेत याचंच त्यांना बरं वाटत होतं.

एरवी घरात ते तोंडात लवंग धरून असायचे. रात्री सिस्टर आतल्या खोलीत आणि हे हॉलमधल्या दिवाणावर, मध्ये दार लावलेलं. दिवसा वाचनालयात. एखादा खोकला सिस्टरांच्या कानावर गेलाच तर त्या म्हणायच्या, "गरम पाणी प्या," आणि सुईच्या टोकावरची धूळ बारीक ब्रशनं काढत राहायच्या. मास्तरांच्या शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली. मला ते दिसत होतं.

मला तेव्हा गाडीत बसवेनासं झालं होतं. उमरीहून परतताना मी रोज मनाशी ठरवायची, आज जाऊन सांगायचं. घराशी पोचायची तर सिस्टर दारातच उभ्या. "पोरी, आज दुपारी आली होती. क्षणभर, पण मधी आली. मग ट्रॅक्टर गेला आन् हलली." त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलीसारखा झालेला असायचा. वर जाऊन मी कपडे न बदलता बराच वेळ खोलीत फेऱ्या मारायची, टाचा न आपटता. मास्तर मोठे माणूस आहेत, मी भाडेकरू आहे, नवरा-बायकोच्या मध्ये आपण पडू नये. अशी कारणं मी एकामागून एक काढत होते आणि एकही मला पटत नव्हतं.

उन्हाळा लागायच्या आधीच ते घडलं. रविवारच होता. चहा गाळून ठेवला तरी मास्तर वर आले नाहीत. मी दार उघडलं. ते जिन्यात बसले होते, चार पायऱ्या खाली. एक हात भिंतीला लावलेला. ओठ निळसर, डोळे मोठे झालेले, श्वास आत जात नव्हता. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, कारण खाली रेकॉर्ड चालू होती. हे मी अंदाजानं म्हणत नाही. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी ओरडले, "सिस्टर."

"आवाज कामून करून राहिलीस?" त्या खालून म्हणाल्या. मग त्यांना माझ्या आवाजात काहीतरी लागलं असावं, कारण त्या लगेच जिन्याशी आल्या. त्यांनी मास्तरांकडं एकदा बघितलं. पुढच्या क्षणी त्या त्यांच्या घराच्या मालकीण नव्हत्या, कुणाची बायकोही नव्हत्या. मास्तरांना पुढं वाकवून बसवलं, शर्टाची बटणं काढली, मला रिक्षा आणायला पिटाळलं, कंत्राटदारांना हाक मारली. दहा मिनिटांत ती तिघं रिक्षात होती. मी घराला कुलूप लावायला मागं राहिले. हॉलमध्ये गेले तर थाळी फिरत होती. बाजू संपली होती आणि सुई शेवटच्या रेघेत टिक टिक करत होती. ती कशी उचलायची ते मला ठाऊक नव्हतं. मी नुसतं बटण बंद केलं आणि पळाले.

मास्तरांच्या उजव्या फुप्फुसात पाणी झालं होतं. टीबी होता, बऱ्याच महिन्यांचा. पाणी काढलं, औषधं सुरू झाली, पण ते फुप्फुस आता पूर्ण फुलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या फुप्फुसालाही लागण झालेली होती. मला आणि सिस्टरांना तपासण्या करून घ्यायला लावल्या. आम्ही दोघी ठीक निघालो. तिथं एक मध्यमवयीन डॉक्टर होते, शिकत असताना सिस्टरांच्या हाताखाली रक्त काढायला शिकलेले. त्यांनी एक्स-रे उजेडाकडं धरला आणि म्हणाले, "सिस्टर, तुमच्या घरात असून इतका उशीर?"

त्यांच्या मनात टोचायचं नव्हतं. ते खरोखरच चकित झाले होते. सिस्टरांनी एक्स-रे त्यांच्या हातातून घेतला, पाकिटात घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला. त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. मीही त्यांच्याबरोबर चालत होते आणि माझ्या जिभेवर 'मला ठाऊक होतं' हे वाक्य होतं, आणि मी ते बोलले नाही.

त्यांची मुलगी लातूरला प्राध्यापक आहे. मास्तरांना घरी सोडायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, आता लातूरलाच या, एकट्यानं होणार नाही. सिस्टर लगेच हो म्हणाल्या. मास्तरांना दुसऱ्या कशावर झोप येत नाही म्हणून दिवाण आणि त्यांची पुस्तकं पहिल्या टेम्पोत गेली. आठवड्यानं सिस्टर उरलेलं सामान बांधायला एकट्या आल्या. मी रजा काढून मदतीला थांबले.

भांडी झाली, कपडे झाले. शेवटी टर्नटेबल उरलं. दांडी बांधून ठेवायच्या आधी सिस्टर म्हणाल्या, "त्या दिवशी सुईला धक्का लागला का काय, बघते." त्यांनी एक रेकॉर्ड काढली आणि सुई टेकवली. व्हॉल्व्ह तापायला जरा वेळ गेला. मग बाई गायला लागली.

मी दाराकडून खिडकीकडं चालले होते, हातात वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. मी थबकले आणि नकळत बाजूला झाले, वाटेत कुणी उभं असलं की आपण होतो तशी. ती तिथं होती. दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये, माझ्यापेक्षा थोडी ठेंगणी, समोर तोंड करून. चार वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की सिस्टर काय शोधत होत्या.

सिस्टर तिच्याकडं बघत नव्हत्या. त्या उजव्या भिंतीकडं बघत होत्या. तिथं मास्तरांचा दिवाण होता. त्याची जाड गादी त्या बाजूचा आवाज इतकी वर्षं पीत होती, आणि दिवाण दुसरीकडं मावत नव्हता म्हणून सिस्टरांनी तो कधी मोजण्यात धरलाच नव्हता. भिंतीवर मास्तरांच्या डोक्याच्या तेलाचा वाटोळा डाग होता. सिस्टरांनी दांडी उचलली.

"आली बघ," त्या म्हणाल्या. "दिवाणानं होऊन राहिलं होतं."

खोलीत फक्त ॲम्प्लिफायरची बारीक घरघर राहिली. मग मी बोलले. कसं बोलले ते आठवत नाही, वाक्यं तेवढी आठवतात.

"सिस्टर, मला ठाऊक होतं. ते रविवारी माझ्या खोलीत येऊन खोकायचे. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते."

त्या सुईवर टोपण बसवत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

टोपण बसलं. त्यांनी दांडी आपल्या जागेवर टेकवली.

"सांगायला पायजे होतं तू."

"हो."

"लई वाईट केलंस." माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या. "पण तू भाडेकरू हायस. मी नर्स हाय." मग त्यांनी हात पुढं केला. "ती चिकटपट्टी दे इकडं."

मी चिकटपट्टी दिली. त्यांनी दांडी बांधली. आम्ही दोघींनी मिळून ते सगळं गोधड्यांत गुंडाळलं आणि टेम्पो संध्याकाळी गेला. त्यांनी मला रागावावं, नाहीतर माफ तरी करावं, असं मला वाटत होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. जे होतं तेवढंच बोलल्या. त्यानंतर महिनाभर त्यांचा फोन नाही, मीही केला नाही. वरच्या खोलीत मी एकटी, खाली रिकामं घर. आता टाचा आपटल्या तरी चालणार होतं.

मग मे महिन्यात फोन आला. "तू सुट्टीत लातूरला येऊन राहिलीस ना? मास्तरायला बातम्या ऐकायच्या हायत. त्या मोबाइलचं वायर-बियर तुला जमतं का?"

मी दुसऱ्याच दिवशी गेले. मुलीच्या घरात पुढची खोली मास्तरांना दिली होती. नाकात नळी, शेजारी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, त्याचा अखंड घुर्र आवाज. आणि समोर सिस्टरांच्या पेट्या. सिस्टर म्हणाल्या, एक दिवस त्यांनी मास्तरांना विचारलं, तुम्हाला काय ऐकायचं ते सांगा, लावते. इतक्या वर्षांत हे विचारायचं राहूनच गेलं होतं. मास्तर म्हणाले, मला काय, मला बातम्या.

मी बाजारातून वायर आणली आणि मोबाइल ॲम्प्लिफायरला जोडला. व्हॉल्व्ह तापले. त्या छातीएवढ्या पेट्यांतून प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या, मग हवामान, मग तुरीचे आणि सोयाबीनचे बाजारभाव. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळानं त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं.

"मॅडम, निवेदकाला सर्दी झालीय बघा."

सिस्टर त्यांच्या पाठीमागं उशी सारखी करत होत्या. त्यांनी कान दिला. "झालीच हाय," त्या म्हणाल्या. "नाक चोंदलंय."

मास्तर हसले आणि हसताना खोकले. मोठ्यानं, मोकळेपणी. सिस्टरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो खोकला पूर्ण होईपर्यंत तिथून काढला नाही.

मास्तर पुढच्या हिवाळ्यात गेले. मी अंत्ययात्रेला पोचले नाही, दहाव्याला गेले. सिस्टर शांत होत्या, आल्यागेल्याला पाणी देत होत्या. मला म्हणाल्या, शेवटी झोपेत गेले, आणि आदल्या दिवशी बाजारभाव ऐकले.

त्यानंतर मी लातूरला गेले की त्यांना भेटते. पेट्या त्याच खोलीत आहेत. कधी वाजतात, कधी झाकलेल्या असतात. सिस्टरांची मुलगी मात्र मागच्या खेपेला वैतागली होती. "आई घरात कुणाला येऊ देईना झालीय," ती म्हणाली. "दूधवाला येवो, मीटर बघणारा येवो, माझे विद्यार्थी येवोत. आधी बसवते आणि छातीला स्टेथोस्कोप लावते. माणसं मागच्या दारानं यायला लागलीत." सिस्टर स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्या भाजीवालीला सरकारी दवाखान्यात कुणी धाडलं मग? येळेवर गेली म्हणून वाचली."

मला नांदेडची बस पकडायची होती. रिक्षा फाटकाशी उभी राहिली, मी पिशवी उचलली आणि पाया पडले. सिस्टर म्हणाल्या, "थांब." त्या आत गेल्या आणि स्टेथोस्कोप घेऊन आल्या.

"सिस्टर, बस चुकेल."

"बस खाली."

मी पायरीवर बसले. त्यांनी चकती तळहातावर चोळून कोमट केली आणि माझ्या पाठीवर ठेवली. "लांब श्वास घे. सोड. परत घे." चकती खाली सरकली, मग बाजूला, मग पुढं. त्या घाई करत नव्हत्या. रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मी श्वास घेत राहिले, सोडत राहिले. त्यांनी डोळे मिटले होते. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी त्यांनी कानांतून नळ्या काढल्या.

"जा. साफ हाय."

मी पिशवी घेऊन फाटकाबाहेर आले आणि रिक्षात पाय ठेवला. सिस्टर मागोमाग आल्या होत्या. त्यांनी रिक्षात डोकावून बघितलं. मघाशी हॉर्न वाजवताना तो माणूस एकदा खोकला होता. मी ते ऐकलं नव्हतं.

"तू बी उतर जरा," त्या त्याला म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "उतरा दादा. बस दुसरी मिळेल."